फारसी हस्तलिखिताचे पान : सुलेखन, संहिता आणि वाचन

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• भाषा आणि लिपी यांतील भेद फारसीच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल.
• नस्तालिक लिपीशैलीची वैशिष्ट्ये सांगता येतील.
• फारसी हस्तलिखिताचे पान कसे घडते आणि त्याची मांडणी काव्यवाचनाला कशी साहाय्य करते, हे विशद करता येईल.
• लिपीच्या स्वरूपामुळे पाठभेद कसे निर्माण होतात, ते सोदाहरण दाखविता येईल.
• ग्रंथातून पान सुटे केल्यास कोणते ज्ञान नष्ट होते, याची मीमांसा करता येईल.

२. प्रास्ताविक

छापील पुस्तक वाचताना आपले लक्ष मजकुराकडे असते, पानाकडे नसते. ज्ञानेश्वरीची एखादी ओवी एका आवृत्तीत मोठ्या टायपात असेल, दुसरीत लहान टायपात. एकीत पानाच्या माथ्यावर असेल, दुसरीत तळाशी. ओवी तीच आहे, अशी आपली खात्री असते. मजकूर हा कागदापासून अलग काढता येतो आणि दुसऱ्या कागदावर जसाच्या तसा ठेवता येतो, हे आपण न बोलता गृहीत धरलेले असते. परंतु हे गृहीतक मुद्रणाच्या सवयीतून आलेले आहे. मुद्रणपूर्व काळात प्रत्येक प्रत हाताने लिहिली जाई आणि म्हणून प्रत्येक प्रत थोडीफार वेगळी असे.

फारसी साहित्याची परंपरा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. फिर्दौसी, निजामी, सादी, हाफिज, जामी या कवींची काव्ये शतकानुशतके इराण, मध्य आशिया आणि भारत येथील दरबारांत लिहिली गेली, सजविली गेली आणि वाचली गेली. या परंपरेत सुलेखन ही कलांमधील श्रेष्ठ कला मानली जात असे. अकबराच्या दरबारातील अबुल फजल यानेही 'आईन-ए-अकबरी'त लेखनकलेचा विचार चित्रकलेच्या आधी केला आहे.

प्रस्तुत घटकात आपण एकच मुद्दा निरनिराळ्या बाजूंनी पाहणार आहोत. फारसी हस्तलिखिताचे पान हे केवळ काव्य ठेवण्याचे पात्र नाही. काव्य कसे वाचावे, कोठे थांबावे, काय जोडून पाहावे, हे ते पानच सांगत असते. म्हणून पानाचा अभ्यास हा संहितेच्याच अभ्यासाचा भाग ठरतो.

३. विषय-विवेचन

३.१ भाषा एक, लिपी दुसरी

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फारसी ही मराठीप्रमाणेच भारत-युरोपीय कुलातील भाषा आहे. अरबी ही सामी कुलातील. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यानंतर पहलवी लिपी हळूहळू मागे पडली आणि नवी फारसी अरबी लिपीत लिहिली जाऊ लागली. आज उपलब्ध असलेले नव्या फारसीतील सर्वांत जुने दिनांकित हस्तलिखित इ.स. १०५६ मधील आहे. तो औषधीविषयक ग्रंथ असून त्याची प्रत असदी तूसी या कवीने स्वतःच्या हाताने लिहिली आहे. ती आता व्हिएन्ना येथे आहे.

उसनी घेतलेली लिपी नव्या भाषेला नेमकी बसत नाही. अरबी वर्णमालेत २८ अक्षरे आहेत. फारसीतील काही ध्वनींसाठी त्यांत चिन्हे नव्हती, म्हणून पे, चे, झे आणि गाफ ही चार अक्षरे जुन्या अक्षरांना टिंबे वा रेघ जोडून तयार करण्यात आली आणि वर्णसंख्या ३२ झाली. उलटपक्षी, अरबीत वेगळे असलेले काही ध्वनी फारसी उच्चारात एकरूप झाले. त्यामुळे 'ज' सारख्या एका ध्वनीसाठी चार अक्षरे, 'स' साठी तीन आणि 'त' साठी दोन अक्षरे लेखनात शिल्लक राहिली.

याशिवाय दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली, या लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नाहीत. वाचकाने ते संदर्भावरून पुरवायचे असतात. दुसरी, अनेक अक्षरांचा मूळ आकार एकच असून भेद केवळ टिंबांच्या संख्येवर आणि स्थानावर अवलंबून असतो. बे, पे, ते आणि से ही अक्षरे याचे ठळक उदाहरण होत. जुने लेखनिक ही टिंबे पुष्कळदा गाळत आणि गाफची दुसरी रेघ तर सर्रास वगळत. पुढे पाठभेदांचा विचार करताना या दोन्ही बाबींची आपल्याला गरज पडेल.

३.२ नस्तालिक : फारसीने घडविलेले वळण

अरबी लिपीच्या सुलेखनाला शिस्त लावण्याचे श्रेय बगदादचा वजीर इब्न मुकला (मृत्यू इ.स. ९४०) याला दिले जाते. बोरूच्या टोकाने उमटणारे चौकोनी टिंब हे त्याने माप मानले आणि प्रत्येक अक्षराची उंची व रुंदी त्या टिंबांत मोजली. पुढे इब्न अल्-बव्वाब आणि याकूत अल्-मुस्तअसिमी यांच्या हातून सहा प्रमुख शैली स्थिरावल्या. नस्ख, सुलुस, मुहक्कक या त्यांतील काही होत. फारसी ग्रंथही प्रारंभी मुख्यतः नस्ख शैलीत लिहिले जात.

चौदाव्या शतकात इराणमध्ये एक नवे वळण उदयास आले. दरबारी पत्रव्यवहारातील तालिक शैलीची लय आणि नस्खची स्पष्टता यांच्या मिलाफातून ते घडले, असे मानले जाते. त्याचे नाव नस्तालिक. परंपरेने त्याचे जनकत्व मीर अली तब्रीझी याच्याकडे दिले आहे. त्याच्या हातची, बगदाद येथे इ.स. १३९६ मध्ये पूर्ण झालेली ख्वाजू किरमानी या कवीच्या काव्यांची प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पाहावयास मिळते.

नस्तालिकमध्ये शब्द ओळीवर ताठ उभे नसतात. ते उजवीकडून डावीकडे उतरत येतात आणि ओळीवर येऊन विसावतात. उभ्या रेषा आखूड असतात, आडव्या रेषा लांब आणि भरघोस असतात. यामागे भाषेचेही एक कारण सांगता येते. अरबीत 'अल्' हे उपपद वारंवार येते आणि त्यातील अलिफ व लाम या दोन अक्षरांच्या उंच उभ्या रेषा ओळीला एक ठोका देतात. फारसीत असे उपपद नाही. साहजिकच फारसीच्या ओळीत उभ्या रेषांची गर्दी कमी आणि आडव्या प्रवाहाला वाव अधिक. उसन्या लिपीला फारसीने दिलेले हे स्वतःचे रूप होय.

या शैलीचे थोर आचार्य आणि त्यांचे जीवन यांतून सुलेखनाचे मोल कळते. हेरातचा सुलतान अली मशहदी (मृत्यू इ.स. १५२०) याने या कलेवर पद्यात प्रबंध लिहिला. मीर अली हरवी याला उझबेकांनी हेरातहून बुखाऱ्यास नेले; आपले सुंदर अक्षरच आपल्या पायांतील बेडी ठरले, अशी खंत त्याने पद्यातून व्यक्त केली आहे. मीर इमाद याची इ.स. १६१५ मध्ये इस्फहान येथे हत्या झाली. राजे ज्यांना बंदी म्हणून नेत आणि ज्यांच्यावरून दरबारात वैर माजे, ते केवळ नकलाकार नव्हते.

नस्तालिक अधिक वेगाने लिहिण्याच्या गरजेतून सतराव्या शतकात 'शिकस्ता' ही शैली रूढ झाली. शिकस्ता म्हणजे मोडलेली. आपल्या मोडी लिपीचे नाव 'मोडणे' या क्रियापदावरून आले असे एक मत आहे, ते येथे आठवावे. भराभर लिहिताना अक्षराचे ताठ रूप मोडावे लागते, ही जाण दोन्ही नावांत दिसते.

३.३ पान कसे घडते

पानाची सिद्धता लेखणी हाती घेण्यापूर्वीच सुरू होई. कागदाला पिष्टाची खळ देत, तो वाळवीत आणि मग अकीक किंवा काच यांसारख्या गुळगुळीत पदार्थाने घोटीत. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही आणि शाई पसरत नाही. शाई काजळी आणि डिंक यांपासून करीत. दौतीत रेशमाचा बोळा ठेवीत. त्यामुळे बोरूला शाई बेताचीच लागे. बोरूचे टोक तिरके कापावे लागे आणि त्या कापाचा कोन बदलला की अक्षराची जाडी बदले.

ओळी आखण्यासाठी 'मिस्तर' नावाचे साधन असे. पुठ्ठ्यावर ठरावीक अंतराने दोरे ताणून बसविलेले असत. त्यावर कागद ठेवून दाबला की दोऱ्यांच्या अस्पष्ट खुणा उठत. शाईची रेघ न ओढता सर्व पानांवर ओळी एकसारख्या येत.

या व्यवसायाचा शब्दसंग्रह मराठी वाचकाला परका नाही. कागद, कलम, दौत, शाई, नक्कल, दप्तर हे शब्द फारसीतून किंवा फारसीमार्गे अरबीतून मराठीत आले. 'मसुदा' या शब्दाचा मूळ अर्थ 'काळे केलेले' असा आहे. खाडाखोड करून काळा झालेला तो कच्चा खर्डा. चिटणीस, फडणीस, वाकनीस या पदनामांतील 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', अर्थात लिहिणारा. शिवकालीन 'राजव्यवहारकोशा'त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देताना लेखनविषयक शब्दांसाठी स्वतंत्र 'लेखनवर्ग' करावा लागला, यावरून या शब्दांचा प्रसार लक्षात येतो.

राजाश्रयाखाली ग्रंथनिर्मिती 'किताबखाना' या संस्थेत होई. किताबखाना म्हणजे ग्रंथालय आणि ग्रंथनिर्मितीशाळा दोन्ही. तैमूरचा नातू बायसुंगुर याच्या हेरात येथील किताबखान्याचा प्रमुख जाफर तब्रीझी हा होता. त्याने राजपुत्राला सादर केलेला कामाचा अहवाल इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहात टिकून आहे. कोणता लेखनिक किती मजकूर लिहून बसला आहे, कोणता चित्रकार कोणत्या चित्रावर काम करतो आहे, बांधणी कोठवर आली आहे, याची नोंद त्यात आढळते. एका ग्रंथामागे किती हात असत, हे त्यावरून कळते. कामाचा क्रमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. साधारणतः लेखनिक प्रथम मजकूर लिही आणि चित्रासाठी जागा मोकळी सोडी. त्यानंतर चित्रकार, सोनेरी नक्षी करणारा, चौकटी आखणारा आणि बांधणी करणारा यांची पाळी येई. म्हणजे चित्र कोठे यावे, याचा निर्णय लेखणीबरोबरच होत असे.

३.४ पानाची मांडणी आणि काव्याचे वाचन

फारसी काव्याचा मूळ घटक 'बैत' हा होय. बैताचे दोन चरण असतात. प्रत्येक चरणाला 'मिसरा' म्हणतात. हस्तलिखितात हे दोन मिसरे समोरासमोर दोन स्तंभांत लिहितात आणि मध्ये मोकळी पट्टी ठेवतात. 'शाहनामा'सारख्या दीर्घ काव्यात पानावर चार किंवा सहा स्तंभ असतात, म्हणजे एका आडव्या ओळीत दोन किंवा तीन बैत बसतात.

दोन्ही मिसऱ्यांचे वृत्त एकच असले तरी त्यांतील अक्षरसंख्या सारखी असेलच असे नाही. अशा वेळी लेखनिक एखाद्या अक्षराची आडवी रेषा लांबवितो किंवा शब्द एकमेकांवर रचतो आणि दोन्ही चरण एकाच रुंदीत बसवितो. कानाला जो तोल वृत्तातून जाणवतो, तो डोळ्यांना स्तंभांतून जाणवतो. येथे सुलेखन छंदाचेच काम दुसऱ्या माध्यमातून करते.

स्तंभ कधी कधी मुद्दाम मोडलेही जातात. काही पानांवर बैत तिरके लिहिलेले दिसतात. ते शोभेसाठी असतातच, पण त्यांचा आणखी एक उपयोग आहे. तिरक्या मांडणीत जागा अधिक लागते आणि पानावर बैत कमी मावतात. पुढील चित्र कथेतील नेमक्या बैताजवळ यावे म्हणून लेखनिक अशा प्रकारे मजकुराची गती मंद करू शकतो. वाचकाची नजरही तेथे मंदावते. कथेतील महत्त्वाचा प्रसंग जवळ आला, ही सूचना त्याला शब्दांआधी मांडणीतून मिळते.

पानाची अन्य अंगे थोडक्यात पाहू. ग्रंथारंभी 'शमसा' हे सूर्याकृती नक्षीचे वर्तुळ असते. त्यात अनेकदा आश्रयदात्याचे नाव असते. आरंभीच्या नक्षीदार शीर्षपट्टीला 'उन्वान' म्हणतात. मजकुराभोवतीची रंगीत व सोनेरी रेषांची चौकट म्हणजे 'जदवल'. पानाच्या तळाशी, चौकटीबाहेर, पुढील पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. या शब्दाला 'रिकाबा' म्हणतात. आपल्याकडील पोथीची पाने सुटी असतात आणि त्यांवर क्रमांक घालण्याची रीत आहे. फारसी ग्रंथ शिवलेला असे आणि पानांचा क्रम या शब्दावरून जुळविला जाई. ग्रंथाच्या शेवटी लेखनिक आपले नाव, स्थळ व तिथी नोंदवितो. ही समाप्तिनोंद बहुधा खाली निमुळत्या होत जाणाऱ्या त्रिकोणात लिहिलेली असते. हस्तलिखिताचा काळ ठरविताना अभ्यासक प्रथम तीच पाहतात.

३.५ लिपी, लेखनिक आणि पाठभेद

आता ३.१ मध्ये पाहिलेल्या बाबींकडे वळू. ऱ्हस्व स्वर लिहिलेले नाहीत आणि गाफची दुसरी रेघही गाळली आहे, अशा लेखनात 'गुल' म्हणजे फूल, 'गिल' म्हणजे माती आणि 'कुल' म्हणजे सर्व हे तिन्ही शब्द सारखेच दिसतात. गुल आणि गिल यांचे वृत्तमानही समान आहे. म्हणून छंदही वाचकाला सोडवीत नाही. निर्णय संदर्भावरच करावा लागतो. फूल आणि माती या दोन्ही प्रतिमा फारसी काव्यात शेजारी नांदतात, त्यामुळे संदर्भही प्रत्येक वेळी निर्णायक ठरत नाही.

हाफिजच्या एका प्रसिद्ध बैतातील पाठभेदावर पिढ्यान्पिढ्या चर्चा होत आली आहे. काही प्रतींत 'कश्ती-निशस्तगान', म्हणजे नौकेत बसलेले, असा पाठ आहे. काहींत 'कश्ती-शिकस्तगान', म्हणजे नौका फुटलेले, असा आहे. लेखनात या दोन शब्दांची आकृती एकमेकींच्या जवळची आहे. अर्थ मात्र दूरचा आहे. नौका शाबूत असणारा माणूस अनुकूल वाऱ्याची वाट पाहतो. नौका फुटलेला माणूस जे मागतो ती करुणा असते. दोन्ही अर्थ काव्याला शोभतात, म्हणून हा वाद केवळ अभिरुचीने मिटत नाही. कोणती प्रत किती जुनी आणि कोणत्या प्रतीवरून लिहिलेली, हे पाहावेच लागते.

हाफिजच्या स्वतःच्या हातची दिवाणाची प्रत उपलब्ध नाही. निरनिराळ्या प्रतींत गझलांची संख्या, एका गझलेतील बैतांची संख्या आणि त्यांचा क्रमही बदलतो. कझवीनी आणि गनी यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेली, दीर्घकाळ प्रमाण मानली गेलेली आवृत्ती इ.स. १४२४ च्या सुमारास लिहिलेल्या एका हस्तलिखितावर मुख्यतः आधारलेली असून तीत ४९५ गझला आहेत. म्हणजे हाफिजच्या मृत्यूनंतर सुमारे तीन दशकांनी लिहिलेली प्रत येथे आधारभूत आहे.

फिर्दौसीच्या 'शाहनामा'ची स्थिती अधिक बिकट आहे. हे महाकाव्य इ.स. १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी प्रत इ.स. १२१७ मधील आहे आणि तीही केवळ पूर्वार्धाची. ती फ्लॉरेन्स येथे आहे. मधल्या दोनशे वर्षांत किती नकला झाल्या आणि नाहीशा झाल्या, हे आपल्यापुढे नाही. बायसुंगुरच्या आश्रयाने इ.स. १४२६ मध्ये 'शाहनामा'ला नवी प्रस्तावना जोडून संहिता सिद्ध करण्यात आली. पुढे १४३० मध्ये जाफर तब्रीझीच्या हातची जी देखणी प्रत पूर्ण झाली, ती तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात असून २००७ साली युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत तिचा समावेश झाला आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला येथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेले ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण आठवेल. बिघडलेल्या प्रतींतून संहिता सावरण्याची गरज दोन्ही परंपरांना भासली. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. सर्वांत सुंदर प्रत ही सर्वांत विश्वसनीय प्रत असतेच असे नाही. आधुनिक संपादक खालेगी-मोतलग यांनी 'शाहनामा'ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना फ्लॉरेन्सच्या जुन्या प्रतीला विशेष महत्त्व दिले, ते याच कारणाने.

३.६ चित्र जेव्हा दुसरी संहिता बोलते

सादीच्या 'बोस्तान'ची इ.स. १४८८ मध्ये हेरात येथे लिहिलेली एक प्रत कैरो येथे आहे. तिच्यात बेहजाद या श्रेष्ठ चित्रकाराची चित्रे आहेत. त्यांपैकी युसूफ आणि झुलेखा यांचे चित्र आपल्या विषयाच्या दृष्टीने मार्मिक आहे. सादीने हा प्रसंग थोडक्यात सांगितला आहे. चित्रात मात्र एक विस्तीर्ण प्रासाद दिसतो. एकामागून एक बंद दरवाजे, वळणारे जिने आणि वरच्या दालनातून निसटू पाहणारा युसूफ. हा सात दालनांचा प्रासाद सादीच्या काव्यातला नाही. तो जामीच्या 'युसूफ व झुलेखा' या काव्यातला आहे, जे या चित्राच्या काही वर्षेच आधी हेरातमध्ये रचले गेले होते. सादीचे बैत चित्रातील चौकटींत आहेत आणि जामीची ओळ प्रासादाच्या भिंतीवर कोरल्यासारखी लिहिली आहे.

एका पानावर दोन कवींचे असे संभाषण घडते. केवळ 'बोस्तान'ची छापील संहिता वाचणाऱ्याला ते दिसणार नाही. केवळ चित्र पाहणाऱ्यालाही दिसणार नाही. पान पूर्ण वाचणाऱ्यालाच ते गवसते.

३.७ दख्खनमधील एक साक्षी पान

फारसी ग्रंथकलेची एक शाखा दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी बहरली. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने आपल्या 'किताब-ए-नौरस'ची सुंदर प्रत लिहिणाऱ्या खलीलुल्लाह या सुलेखनकाराला 'लेखणीचा बादशहा' या अर्थाचा किताब दिला.

अहमदनगरच्या निजामशाहीतील एक हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्याचे नाव 'तारीफ-ए-हुसेनशाही'. आफताबी या कवीने पहिल्या हुसेन निजामशहाची स्तुती आणि १५६५ च्या विजयनगरविरुद्धच्या युद्धाचे वर्णन या फारसी काव्यात केले आहे. त्यातील चित्रांत राजाशेजारी त्याची राणी खुंझा हुमायून बसलेली दाखविली होती. 'होती' असे म्हणण्याचे कारण असे की, बहुतेक चित्रांत तिची आकृती नंतर पुसून किंवा रंग लावून झाकून टाकलेली आहे. हुसेनच्या मृत्यूनंतर राणीने आपला मुलगा मुर्तझा याच्या वतीने राज्यकारभार पाहिला आणि १५६९ मध्ये त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. तिच्या सत्ताकाळातच हा ग्रंथ सिद्ध झाला आणि सत्ता जाताच तिची प्रतिमा नाहीशी करण्यात आली, असा निष्कर्ष अभ्यासक काढतात.

या काव्याची संहिता कोणी उत्तम रीतीने छापली, तरी ही गोष्ट त्या छापील पुस्तकात उतरणार नाही. ती शब्दांत नाही; रंगाच्या त्या डागात आहे.

३.८ सुटी झालेली पाने

पान आणि ग्रंथ यांचे नाते तुटल्यावर काय होते, याची दोन उदाहरणे पाहू.

इ.स. १३३० च्या सुमाराचे, मंगोल राजवटीतील एक भव्य 'शाहनामा' विसाव्या शतकाच्या आरंभी दमोत या पॅरिसमधील व्यापाऱ्याच्या हाती आले. संपूर्ण ग्रंथाला मनाजोगे गिऱ्हाईक न मिळाल्याने त्याने तो सुटा केला. ज्या पानांच्या दोन्ही बाजूंना चित्रे होती, ती त्याने मधोमध सोलून दोन केली, म्हणजे दोन चित्रे विकता येतील. चित्रांभोवती भलत्याच ठिकाणचा मजकूर चिकटविण्यात आला. परिणामी आज अनेक संग्रहालयांतील या पानांवर चित्र एका प्रसंगाचे आणि शेजारचे काव्य दुसऱ्याच प्रसंगाचे आहे.

दुसरे उदाहरण शाह तहमास्पच्या 'शाहनामा'चे. सोळाव्या शतकात तब्रीझ येथे सिद्ध झालेल्या या ग्रंथात ७५९ पाने आणि २५८ चित्रे होती. १५६८ मध्ये तो ऑटोमन सुलतान दुसरा सलीम याला भेट म्हणून देण्यात आला आणि शतकानुशतके अखंड राहिला. १९५९ साली आर्थर हॉटन या अमेरिकन संग्राहकाने तो विकत घेतला आणि त्यानंतर त्याची पाने सुटी झाली. काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाला देणगीदाखल गेली, काही लिलावात विकली गेली. १९९४ मध्ये उरलेला ग्रंथ, ११८ चित्रांसह, इराणला परत मिळाला. त्याच्या मोबदल्यात तेहरानच्या संग्रहालयातील विलेम दे कूनिंग या चित्रकाराचे एक चित्र देण्यात आले. २०११ साली याच ग्रंथातील एका पानाला लंडनच्या लिलावात ७४ लाख पौंडांहून अधिक किंमत मिळाली. ग्रंथ फोडण्यामागील कारण या आकड्यात स्पष्ट आहे.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. सुटी पाने जमविण्याची रीत फारसी परंपरेतही होती ना? होती. सुलेखनाचे स्वतंत्र नमुने आणि चित्रे एकत्र करून 'मुरक्का' नावाचे संग्रह बांधीत. मीर अली हरवीची अनेक पाने मुघल बादशहांच्या मुरक्क्यांत आहेत. परंतु मुरक्का हा स्वतःच एक ग्रंथ असे. त्यात पानांना नवे समास, नवे शेजार आणि नवा क्रम मिळे. वाचनाचा एक संदर्भ जाऊन दुसरा येई. लिलावात विकलेल्या पानाला असा संदर्भ मिळत नाही. भिंतीवरील काचेआड त्याची एकच बाजू दिसते. पाठीमागील बैत दिसत नाहीत. तळाचा रिकाबा असला तरी तो ज्या पानाकडे बोट दाखवितो, ते पान दुसऱ्या खंडात असते. तिरक्या ओळींनी जी उत्सुकता वाढविली, तिचे उत्तर देणारे चित्रही शेजारी असेलच असे नाही. चित्राचे सौंदर्य टिकते, वाचन तुटते.

४. सारांश

फारसीने अरबी लिपी स्वीकारली आणि नस्तालिकच्या रूपाने तिला स्वतःचे वळण दिले. घोटलेला कागद, तिरका कापलेला बोरू, मिस्तराच्या खुणा आणि किताबखान्यातील अनेकांचे श्रम यांतून पान घडत असे. स्तंभ, लांबविलेली अक्षरे, तिरके बैत, रिकाबा आणि समाप्तिनोंद यांतून ते पान काव्यवाचनाला दिशा देत असे. ऱ्हस्व स्वरांचा अभाव आणि टिंबांवरील भिस्त यांमुळे पाठभेद उद्भवले; म्हणून संहिता ठरविताना प्रतींची तुलना अटळ ठरते. बेहजादच्या चित्रातील दुसऱ्या कवीची ओळ आणि अहमदनगरच्या हस्तलिखितातील पुसलेली राणी यांवरून दिसते की पानावरील काही अर्थ छापील संहितेत येऊच शकत नाहीत. यापुढे कोणत्याही प्राचीन वा मध्ययुगीन काव्याची मुद्रित आवृत्ती हाती घेताना ती कोणत्या प्रतींवरून सिद्ध झाली, हा प्रश्न आपण प्रथम विचारावा. मराठीतील जुन्या ग्रंथांनाही तो तितकाच लागू आहे.

५. पारिभाषिक शब्द

बैत : दोन चरणांचा फारसी काव्यातील मूळ घटक.
मिसरा : बैताचा एक चरण.
मिस्तर : ओळींच्या खुणा उठविण्याचे दोरे ताणलेले साधन.
जदवल : मजकुराभोवती आखलेली रंगीत वा सोनेरी चौकट.
रिकाबा : पानाच्या तळाशी लिहिलेला पुढील पानाचा पहिला शब्द.
किताबखाना : ग्रंथसंग्रह व ग्रंथनिर्मिती यांचे दरबारी केंद्र.
मुरक्का : सुलेखनाचे नमुने व चित्रे एकत्र बांधलेला संग्रह.

६. स्वयं-अध्ययन प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. अरबी वर्णमालेत फारसीने कोणत्या चार अक्षरांची भर घातली?
२. 'मसुदा' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
३. 'शाहनामा'ची रचना पूर्ण होणे आणि त्याची ज्ञात सर्वांत जुनी प्रत यांत किती वर्षांचे अंतर आहे?
४. 'तारीफ-ए-हुसेनशाही'चे हस्तलिखित कोठे आहे?

उत्तरे : १. पे, चे, झे आणि गाफ. २. काळे केलेले. ३. २०७ वर्षांचे. ४. पुणे येथील भारत इतिहास संशोधक मंडळात.

७. सरावासाठी स्वाध्याय

१. 'फारसी हस्तलिखिताचे पान काव्याच्या वाचनाला दिशा देते', हे विधान तीन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. लिपीचे स्वरूप आणि पाठभेद यांचा संबंध फारसीच्या संदर्भात विशद करा. मोडी लिपीतील लेखन वाचताना अशाच कोणत्या अडचणी येतात, त्याची तुलना करा.
३. मुरक्क्यातील पान आणि लिलावासाठी सुटे केलेले पान यांतील भेद सांगून आपले मत मांडा.
४. आपल्या घरी वा परिसरात एखादी हस्तलिखित पोथी, जुनी वही किंवा बाड असल्यास तिच्या एका पानाचे निरीक्षण करा. समास, ओळींची संख्या, शाईचे रंग, पृष्ठांक, खाडाखोड, समासातील नोंदी आणि समाप्तीचा मजकूर यांची नोंद करून दोनशे शब्दांत वर्णन लिहा. निरीक्षण करताना पोथीची पाने क्रमातून हलवू नका.